राजहंसची मालकीण

।। श्री ।।
वर्तकनगर, ठाणे
११ एप्रिल १९९७

ती. मंदाआत्यास,
गुरुदत्तचा शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन! पाडव्याच्या मुहूर्तावर तू एका आलिशान मोटारीची मालकीण झालीस. गाडीचं नाव राजहंस, रंग मोतिया, आत एसी, काचा बटणावर वरखाली होतात आणि सीट इतकी मऊ की बसलेला माणूस उतरायचं नाव घेत नाही. तुला मोटार चालवता येत नाही आणि डोंबिवलीच्या तुझ्या गल्लीत ती शिरणारही नाही, पण कागदोपत्री गाडी तुझी. टेंभी नाक्याच्या प्रभाकर गुरुजींनी साफ सांगितलं की माझ्या पत्रिकेत चतुर्थात शनी ठाण मांडून बसलाय, पंचेचाळिशीपर्यंत वाहन स्वतःच्या नावावर घेऊ नये. हेमाची पत्रिका माझ्याहून खडतर. तुझ्या पत्रिकेत मात्र वाहनसुख ओसंडून वाहतंय म्हणे. अडुसष्ट वर्षं पायी हिंडलेल्या बाईच्या! इतकी वर्षं ते साठून राहिलं असणार, म्हणून त्या दिवशी घाईघाईने तुझ्या सह्या घेऊन गेलो.

एक घोळ झाला. तुझा पत्ता डोंबिवलीचा म्हणून नंबर कल्याणचा पडला. कॉलनीत सगळ्यांच्या गाड्या एमएच ०४ आणि आमची एकटीच ०५. लोक विचारतात, पाहुणे कधी आले? कंपनीचं टपालही आता तुझ्याच नावाने येईल. नुसत्या जाहिराती असतात, खुशाल रद्दीत टाक.

हेमा क्लासला जाऊन गाडी शिकली. लायसन्स तिला पहिल्या फटक्यात मिळालं. (मला तिसऱ्या खेपेला मिळालं होतं, हे तिच्यापाशी बोलू नकोस.) आता बँकेत गाडीने जाईन म्हणतेय.

तुझ्या शेजारच्या विमलाबाईंच्या फोनवर तुझ्याशी बोललं की तुला सोडून अख्ख्या मजल्याला ऐकू जातं, म्हणून हे पत्र. पोरांचा नमस्कार. लोभ माझ्यावर आहेच, थोडा आता तुझ्या गाडीवरही असू दे.

तुझा,
गुरू

—

टिळकनगर, डोंबिवली
१६ जून १९९७

चि. गुरुदत्त यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवते आहे. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं तरी दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घावर माझा डोळा जातोच, त्याला इलाज नाही.

शनीला चकवायला तू आत्याला पुढे केलंस, याची गंमत वाटते. माझा पत्रिकेवर विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे. पण तुझी आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तेव्हा तुझा शनीही माझ्याच वाटणीला यायचा. येऊ दे.

तुझे कंपनीवाले मला फार मान देतात. वाढदिवसाला शुभेच्छापत्र आलं. परवा तर राजहंसचं रंगीत चित्र असलेलं चांगलं चार पानी इंग्रजी पत्रक आलं. पहिल्या पानावर आपण सगळे एका परिवाराचे, आपलं समाधान हाच आमचा ठेवा वगैरे. एवढं गोड मला पुढे वाचवेना. पण कागद काय सुरेख, जाड आणि चकचकीत! शाळा सुरू झाल्यात, तेव्हा विमलाबाईंच्या नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकाला त्याचं कव्हर घालून दिलं. पोरगा वर्गात ऐटीत मिरवतो आहे.

चि. सौ. हेमाला म्हणावं, गाडी जरूर चालव. आमच्या वेळी सायकलवर बसले तरी अख्खं गाव दारात यायचं. पोरांना खाऊ पाठवते. ख्यालीखुशाली कळवत जा, बाकी माया आहे तिथेच आहे.

तुझी,
आत्या

—

वर्तकनगर, ठाणे
८ जुलै १९९७

ती. मंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या राजहंसला पहिली जखम झाली. शनिवारी बँकेतून येताना हेमाने सोसायटीच्या गेटचा खांब ठोकला. पुढचा दिवा गेला, बंपर वाकला. आमचा वॉचमन नाथा स्टुलावर बसला होता, तो वेळेवर उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. स्टुलाचा मात्र भुगा. कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा.

हेमा म्हणते, ब्रेक दाबला पण दगडासारखा घट्ट झाला होता. मी लगेच गाडी शोरूमला नेली. तिथल्या उत्तम नावाच्या मेकॅनिकने दोन तास तपासून सांगितलं की ब्रेक एकदम टकाटक, मॅडमचा पाय चुकला असणार. नव्या माणसाचं होतं असं. मी एवढी गाडी चालवतो, मला कधी काही झालं नाही. तेव्हा तूर्त किल्ली माझ्या खिशात. कॉलनीत पोरांनी नवा खेळ काढलाय, हेमा दिसली की आरडाओरडा करत खांबामागे लपायचं. आपलीच दोन कार्टी त्यात पुढे!

२७ तारखेला रविवारी हेमाच्या बाबांची पंचाहत्तरीची शांत नाशिकला मेव्हण्याकडे आहे. आमच्याकडेच असलेल्या तिच्या आईबाबांना घेऊन सगळे राजहंसने जाणार. मेव्हण्याने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. कसारा घाट एसीत बसून चढायचा, आत्या!

या खेपेला चुका कमी असाव्यात. जास्त निघाल्या तर पोटात घाल आणि प्रेम तेवढं राहू दे.

तुझा,
गुरू

—

ठाणे
१४ जुलै १९९७

ती. आत्यांस,
हेमाचा सा. न. वि. वि.

हे पत्र बँकेतून लिहिते आहे. यांना सांगितलेलं नाही. तसं लपवण्यासारखं काही नाही, पण घरी लिहायला बसले तर कुणाला लिहितेस ते सांगावं लागेल.

आत्या, मी ब्रेकच दाबला होता. अगदी दोन्ही पायांनी दाबला. पेडल तसूभर खाली गेलं नाही. समोर नाथा दिसत होता आणि गाडी चाललीच होती. मी खांबाकडे वळवली ती मुद्दाम, नाहीतर तो सापडला असता. हे कुणालाच खरं वाटत नाही. मेकॅनिक हसला. हे म्हणाले, होतं गं असं. माझी आई म्हणाली, कशाला हवा तो आगाऊपणा. नाथासुद्धा मला समजावतो की वहिनी, मनाला लावून घेऊ नका. माफ करून टाकल्यासारखं बोलतात सगळे, त्याचाच मला जास्त राग येतो.

रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतं आणि आता मलाच शंका येऊ लागली आहे. खरंच चुकला असेल का पाय? चौदा वर्षं मी बँकेत लाखांच्या रकमा हाताळते, एक आकडा कधी चुकला नाही. तुम्ही विज्ञानाच्या बाई. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. जे खरं वाटेल तेवढंच कळवा.

प्रकृतीला जपा. आशीर्वाद असावा, सध्या त्याची जरा निकड आहे.

आपली,
हेमा

—

तार
२१ जुलै १९९७

गुरुदत्त टिपणीस, वर्तकनगर, ठाणे.
गाडी हलवू नये. ब्रेक सदोष. पत्र मागोमाग. मालकीण.

—

डोंबिवली
२१ जुलै १९९७

चि. सौ. हेमा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पाय चुकलेला नाही. चूक झाली ती माझी, आणि ती मी इथे लिहून देते.

काल गुरुपौर्णिमा झाली. माझा जुना विद्यार्थी दामाजी दरवर्षी फुलं घेऊन येतो. मोठागावच्या खाडीकाठचा कोळी, पूर्वी बापाबरोबर होडीवर असायचा, आता रेतीचा मोठा धंदा आहे त्याचा. त्यानेही हीच राजहंस घेतली आहे, हे काल कळलं. महिन्यापूर्वी बायकोला, आवडाबाईला, घेऊन तो धक्क्यावर गेला आणि गाडी थांबेचना. पुढची दोन चाकं खाडीच्या चिखलात. तो मला म्हणाला, बाई, ब्रेक नाय, पाथर हाय पाथर! पाथर म्हणजे दगड. हेमा, तुझाच शब्द.

त्याच्याकडे कंपनीचं पत्र होतं. इंग्रजी म्हणून वाचायला माझ्याकडे आणलं. पाहते तर वर राजहंसचं तेच रंगीत चित्र! मी दोन पानं गोडवे सोसले आणि तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, मजकूर सापडला. ब्रेकला जोर पुरवणारी एक रबरी नळी आहे. रहदारीत गाडी बराच वेळ उभी राहिली, एसी चालू असला, इंजिन तापलं, की ही नळी आतून चिकटते आणि पेडल घट्ट होतं. गाडी निवली की नळी आपोआप मोकळी होते. म्हणूनच उत्तमला काही सापडलं नाही. खाली गाड्यांचे क्रमांक दिले आहेत. असल्या गाड्या तपासणीसाठी परत आणाव्यात, अशी विनंती आहे.

मी तशीच चपला न घालता विमलाबाईंकडे गेले आणि त्यांच्या नातवाच्या भूगोलाचं कव्हर उतरवलं. आपल्या गाडीचा क्रमांक त्यात आहे. तुझ्या अपघाताच्या तीन आठवडे आधी ते पत्र माझ्या हातात होतं. जन्मभर पोरांना सांगत आले की प्रश्न शेवटपर्यंत वाचा, आणि स्वतः पहिल्या पानावर कंटाळले. नाथाचा जीव जाता जाता राहिला, आणि तुला एवढे दिवस मान खाली घालून वावरावं लागलं. मला लाज वाटते आणि मी तुझी क्षमा मागते.

पत्रकाची नक्कल गुरूला पाठवली आहे. तारही केली. त्या गाडीत कुणी कसारा घाट चढायचा नाही, आणि उतरायचा तर नाहीच. पाणी पिऊन आधी शांत झोप. तुझ्याविषयीचा आदर दुणावला आहे.

तुझी,
आत्या

—

वर्तकनगर, ठाणे
२३ जुलै १९९७

ती. मंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अगं, तार काय करतेस! तारवाल्याला दारात पाहून हेमाच्या आईने हंबरडा फोडला, कोण गेलं म्हणून. शेवटी तिला साखरपाणी द्यावं लागलं.

पत्रक वाचलं. उत्तमलाही विचारलं. तो म्हणतो ही नुसती खबरदारी आहे, हजारात एखादी नळी बिघडते. नव्या नळ्या ८ ऑगस्टला येणार, तोवर एसी बंद ठेवून जपून चालवायची. एवढंच. रविवारी सासरेबुवांना शांतीला एसटीने न्यायचं आणि दारात राजहंस झाकून ठेवायची? मेव्हणा जन्मभर ऐकवेल. आणि मला आजवर काही झालेलं नाही, हे तू विसरतेस. हेमाचं झालं ते घाबरल्यामुळे झालं असणार. आता तिच्या हातात तुझं पत्र आहे, त्यामुळे ती माझ्याशी बोलतच नाही.

काळजी करू नकोस. घाटात मी पहिल्या गिअरमध्ये उतरवीन. उगाच रागावू नकोस, जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा,
गुरू

—

वर्तकनगर, ठाणे
२६ जुलै १९९७

ती. मालकीणबाईंस,
कृ. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी कारखान्यातून आलो तर गाडीची जागा रिकामी! चोरी झाली म्हणून मी ओरडणार तोच नाथाने सगळं सांगितलं. डोंबिवलीहून एक म्हाताऱ्या बाई रेतीच्या ट्रकमध्ये पुढे बसून आल्या. सोसायटीच्या चेअरमनना त्यांनी गाडीचे कागद दाखवले आणि माझी गाडी न्यायला आले आहे असं सांगितलं. चेअरमननी कागद वाचले, नाव जुळलं, त्यांनी गेट उघडायला लावलं. दामाजीशेठच्या माणसांनी फळ्या लावून गाडी ट्रकवर चढवली. बाजूला वाळूचं घमेलं, वर मोतिया रंगाची राजहंस आणि खाली अख्खी कॉलनी टाळ्या वाजवतेय. किल्ली हेमानेच काढून दिली, माझ्या दुसऱ्या पँटच्या खिशातून!

शोरूमला फोन केला तर म्हणतात, मालकिणीचा लेखी हुकूम आहे, गाडी दुरुस्त होईपर्यंत कुणालाही द्यायची नाही. आत्या, मी गाडी घेतली आणि तू माझ्याच गाडीची जप्ती केलीस. या वयात ट्रकमध्ये कशी चढलीस? गुडघे दुखत असतील.

मी रागावलो आहे, हे नमूद करतो. उद्या सहाच्या एसटीने जातो आहोत. लोभाचं नंतर बघू.

गुरुदत्त

—

नाशिक
२८ जुलै १९९७

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

शांत छान पार पडली. बाबांना पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं, तेव्हा ते लहान मुलासारखे खुदकन हसले. भावाने गाडीचं विचारलंच. मी सांगितलं की मालकिणीने नेली.

एक गोष्ट सांगायची आहे. घाटात आमची एसटी ट्रकांच्या रांगेत तासभर अडकली, इंजिन तापून वास येत होता. हे खिडकीशी बसले होते. पोरं मागे बाबांच्या मांडीवर गाणी म्हणत होती. हे सारखे वळून त्यांच्याकडे बघायचे आणि मग खाली दरीत बघायचे. नाशिकपर्यंत पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले. मला वाटलं राग अजून गेला नाही. पण जेवताना यांनी दोन्ही पोरांना जवळ ओढून बसवलं आणि ताटावरून उठेपर्यंत सोडलं नाही. रागाने असं होत नाही. मी विचारलं नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेलाची बाटली घेतली आहे. ट्रकमध्ये चढताना तुम्ही दामाजींना जो दम दिलात तो आठवून मला अजून हसू येतं. कधी नव्हे ते माझ्या बाजूने कुणी आलं, तेही फळ्या घेऊन. हे ऋण नको म्हणाल तर प्रेम म्हणून ठेवून घ्या.

आपली,
हेमा

—

डोंबिवली
१० ऑगस्ट १९९७

चि. गुरुदत्त यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. तू रागावलास तरी आशीर्वादात कपात नाही.

नळी बदलून झाली. दामाजीच्या गाडीचीही झाली. जुनी नळी मी मागून आणली आणि घरी प्रयोग केला. गरम पाण्यात ठेवून एका टोकाने हवा ओढली, की ती आतून चपटी होऊन चिकटते. थंड पाण्यात घातली की पुन्हा गोल. विमलाबाईंच्या नातवाने चारदा करून पाहिलं. तेव्हा हेमा घाबरली होती वगैरे आता बोलू नकोस.

कंपनीला पत्र लिहिलं आणि त्यावर दामाजीसकट ठाणे-कल्याणच्या अकरा मालकांच्या सह्या घेतल्या. मागणी एकच, की ब्रेक निकामी होऊ शकतो हे वाक्य पत्राच्या पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत आणि मराठीतही छापा. त्यांनी आधी मला भिंतीवरचं घड्याळ भेट पाठवलं. मी ते परत केलं. काल नवं पत्र आलं, पहिल्याच ओळीत ब्रेक आहे. कागदही साधा आहे.

गाडीचा ताबा फक्त हेमाला द्यावा असं मी शोरूमला कळवलं आहे. पण त्याआधी एक काम तुझं आहे. लहानपणी चूक केलीस की मी तुला पाटीवर लिहायला लावायची, कारण तुझ्या तोंडून ती कधी बाहेर पडायची नाही. अजूनही पडत नाही. हेमाने मला नाशिकहून लिहिलं. तू पोरांना का सोडेनास ते मला माहीत नाही, पण तू सहा वर्षांचा असल्यापासून मी तुला सांभाळलंय, मी तुला ओळखते. लिही. मला नको, तिला.

तांबडी शाई मी या खेपेला वापरणार नाही. सुखी राहा आणि या म्हातारीला विसरू नकोस.

तुझी,
आत्या

—

कारखाना, ठाणे
१३ ऑगस्ट १९९७

प्रिय हेमास,

लग्नाला चौदा वर्षं झाली आणि तुला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. एकाच घरात राहून पोस्टाने पाठवतो आहे, कारण समोर उभा राहिलो तर मी काहीतरी विनोद करीन आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

तुझ्या आधी मला झालं होतं. मे महिन्यात, कापूरबावडीला. अर्धा तास रहदारीत अडकलो होतो, पुढे निघालो आणि पेडल घट्ट. समोर एक बाई पोराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती माझ्याकडे पाहून पुढे निघून गेली. मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसलो. मग पेडल पुन्हा नीट झालं आणि मी स्वतःला सांगितलं की काही झालंच नाही. एवढ्या हौसेने घेतलेली गाडी, सगळ्यांना मिरवून दाखवलेली. ती खोटी निघाली असं म्हणवेना.

मी तुला सांगितलं असतं तर तू त्या गाडीत बसलीच नसतीस. मग तू गेट ठोकलंस आणि दगड हा शब्द उच्चारलास. त्याच क्षणी मला कळलं की तू खरं बोलते आहेस. सगळ्या जगात ते फक्त मला माहीत होतं. तरी मेकॅनिक हसला तेव्हा मी त्याच्याबरोबर हसलो. तुझ्या हातून किल्ली घेतली. पोरं तुला चिडवत होती तेव्हा मी गप्प बसलो. आणि पुढे तीच गाडी घेऊन तुम्हा सगळ्यांना घाटात न्यायला निघालो होतो. एसटीत पोरांची गाणी ऐकताना मला ते सगळं दिसत होतं.

आज सकाळी हे नाथाला सांगितलं. तुझ्या आईबाबांना सांगितलं. सोसायटीच्या फळ्यावरही लिहून लावलंय, सहीसकट. तुझं काही चुकलं नव्हतं. मी भित्रा निघालो आणि खोटाही. मला माफ कर, असं म्हणायचा हक्क नाही, पण म्हणतो.

तुझा,
गुरुदत्त

—

बँक, ठाणे
१८ ऑगस्ट १९९७

अहो,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. फळ्यावरचा कागद काढू नका, गणपतीपर्यंत राहू द्या.

गेटचं मी विसरेन, होईल ते. पण आत्यांचं पत्र येईपर्यंत पंधरा-सोळा दिवस मी माझ्याच पायावर संशय घेत होते आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होतात. ते विसरायला मला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ मी घेणार आहे. त्यात मध्येच विनोद करू नका.

गाडी आज दुपारी शोरूममधून मी घेतली. तीन हात नाक्याच्या रहदारीत एसी लावून मुद्दाम पाऊण तास फिरले आणि दर सिग्नलला ब्रेक दाबून पाहिला. नीट लागतो. तुम्हाला काळजी वाटत असेल म्हणून कळवलं.

रविवारी आत्यांना घेऊन खाडीवर दामाजींकडे जेवायला जायचं आहे. चालवणार मी. तुम्ही पुढे, माझ्या शेजारी बसा. आणि पुन्हा कधी काही घट्ट झालं, गाडीत किंवा घरात, तर आधी मला सांगा.

तुमची,
हेमा